तुरळक ठिकाणी म्हणजे नक्की किती ठिकाणी?

‘कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाडा आणि विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडतं, पण आत शिरत नाही. बातम्यांच्या शेपटाला ते येतं तोवर घरातलं कुणीतरी रिमोट शोधायला लागलेलं असतं. मलाही कित्येक वर्षं वाटायचं, ही सगळी अंग राखून बोलण्याची सरकारी तऱ्हा आहे. पडला तरी आम्ही म्हटलं होतं, नाही पडला तरी म्हटलंच होतं.

मग एकदा कळलं की त्या वाक्यातला शब्द न् शब्द तराजूत तोललेला आहे. हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग पाडलेत. एखाद्या उपविभागात पाऊस मोजणारी जेवढी केंद्रं आहेत, त्यांतल्या शंभरातल्या पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. सव्वीस ते पन्नास म्हणजे ‘काही ठिकाणी’, एक्कावन्न ते पंचाहत्तर म्हणजे ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि त्याहून जास्त असेल तर जवळपास सगळीकडे. पावसाच्या जोराचंही तसंच. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पडला तर तो ‘मध्यम’. ६४.५ पासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’, आणि २०४.४ ओलांडला की त्याहूनही वरची पायरी. हे चोवीस तासही मध्यरात्री सुरू होत नाहीत, सकाळी साडेआठला सुरू होतात. आपण जे मोघम म्हणून सोडून देत होतो, ती आकडेमोड होती!

आणि ‘मध्य महाराष्ट्र’? या एका नावात जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख येतो. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं महाबळेश्वर त्यातच, आणि त्याच सातारा जिल्ह्यातला, पाचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढणारा माण तालुकाही त्यातच.

आता प्रश्न असा, की हे वाक्य पडद्यावर उच्चारणाऱ्या माणसाला यातलं किती ठाऊक असावं?

नसेल ठाऊक तर काय होतं ते आपण दर पावसाळ्यात बघतो. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ यातलं ‘तुरळक ठिकाणी’ गळून पडतं आणि ‘राज्यात मुसळधार’ एवढंच उरतं. पिवळा इशारा म्हणजे खरं तर ‘लक्ष ठेवा’, नारिंगी म्हणजे ‘तयारीत राहा’, लाल म्हणजे ‘आता हालचाल करा’. पण पिवळ्यालाच नगारे बडवले, तर लालसाठी कोणता आवाज शिल्लक राहणार? दोन शब्द गाळले त्यात काय बिघडलं, असं वाटेल. २६ जुलै २००५ आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत, कुलाब्याला पाऊस होता ७३ मिलिमीटरच्या आसपास. ‘कुठे’ हा शब्द ‘किती’ एवढाच जड असतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

ब्रिटनने या प्रश्नाचं उत्तर फार आधी दिलं होतं. ११ जानेवारी १९५४ च्या संध्याकाळी जॉर्ज काउलिंग बीबीसीच्या पडद्यावर आले. त्याआधी तिथे नुसता नकाशा दिसायचा आणि मागून आवाज यायचा. काउलिंग नट नव्हते की वृत्तनिवेदक नव्हते, ते तिथल्या सरकारी हवामान खात्यातले अंदाजकर्ते होते. हातात कोळशाची कांडी घेऊन त्यांनी नकाशावर रेघा ओढल्या, उद्या वारा बरा असेल म्हणाले, आणि म्हणून धुणं वाळत घालायला दिवस चांगला आहे, असंही म्हणाले. समदाब रेषांपासून दांडीवरच्या कपड्यांपर्यंतचं अंतर पहिल्याच दिवशी पार. पुढची कित्येक दशकं बीबीसीवर हवामान सांगणारी माणसं त्याच खात्यातून येत राहिली.

या कामातली गंमत अशी की निवेदकाच्या मागे नकाशा नसतोच. असते ती एक हिरवी किंवा निळी कोरी भिंत. बाजूच्या पडद्यावर स्वतःला नकाशासकट पाहत, तो नसलेल्या ढगावर बोट ठेवतो. त्याच रंगाचा सदरा घातला तर सदऱ्यातूनच समुद्र दिसायला लागतो. बीबीसीच्या परंपरेत तर पुढ्यात लिहिलेली संहिताही नसते. माणूस उभ्या उभ्या, मनाने बोलतो. आधीची बातमी लांबली की त्याची दोन मिनिटं ऐन वेळी एकावर येतात. अशा वेळी काय गाळायचं आणि काय गाळायचं नाही, हे पाठांतराने ठरत नाही.

अमेरिकेत उलट झालं. १९५० च्या दशकात तिथल्या वाहिन्यांनी हवामानाला करमणूक करून टाकलं. कुठे बाहुल्या, कुठे विनोद, कुठे नुसतीच सुंदर मुलगी. पुढे हॉलिवूडची तारका झालेली रॅकेल वेल्च आधी सॅन डिएगोत हवामान सांगायची. नंतरचा प्रसिद्ध सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन इंडियानापोलिसच्या वाहिनीवर हवामान सांगताना वादळाला बढती मिळून ते चक्रीवादळ झालं म्हणून त्याचं अभिनंदन करायचा. (हसू येतं, नाही कशाला म्हणा.) अमेरिकी हवामानशास्त्र संस्थेने १९५७ मध्येच निवेदकांना पारखून पसंतीची मोहोर द्यायची योजना आणली, आणि २००५ पासून तिच्याहून कडक प्रमाणपत्र. मोहोर सक्तीची नव्हती. पण पडद्याच्या कोपऱ्यात ती दिसते की नाही, हे पाहणारे लोक तयार झाले.

एवढ्यावर निकाल लावावा, तर मायकेल फिश आडवे येतात. हे गृहस्थ १९६२ पासून ब्रिटिश हवामान खात्यात, १९७४ पासून बीबीसीच्या पडद्यावर. म्हणजे शिकलेलेच. १५ ऑक्टोबर १९८७ च्या दुपारी त्यांनी हसत सांगितलं, की एका बाईंनी फोन करून हरिकेन येतंय असं ऐकल्याचं कळवलं, काळजी नको, तसं काही नाही. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर असं वादळ आलं की सुमारे दीड कोटी झाडं उन्मळून पडली आणि ब्रिटनमध्ये १८ माणसं गेली. सेव्हनओक्स, म्हणजे ‘सात ओक’ नावाच्या गावातल्या सातांपैकी सहा ओक आडवे झाले.

शास्त्राच्या काटेकोर भाषेत फिश चुकले नव्हते. हरिकेन उष्ण समुद्रावर जन्मतं, हे त्या जातीचं नव्हतंच. वारा फार जोराचा होईल असंही ते पुढे म्हणाले होते, फक्त तो मुख्यतः स्पेन-फ्रान्सकडे राहील असं त्यांना वाटलं. गणितच वादळाला खूप दक्षिणेला ठेवत होतं, कारण ज्या समुद्रावर ते वाढलं तिथली निरीक्षणं तुटपुंजी होती. पदवीने या चुकीतून वाचवलं नसतं. उलट मला वाटतं, पदवीनेच ते वाक्य बोलायला लावलं. ‘हरिकेन’ हा शब्द शास्त्रात बसत नाही एवढं पाहून त्यांनी तो बाजूला सारला. घरात बसलेल्याला मात्र ऐकू आलं, ‘काळजी नको’. त्या रात्रीनंतर पुढच्याच वर्षी ब्रिटनने तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली.

याची उलटी बाजू फिलिपीन्समध्ये दिसली, आणि ती फार महागात पडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळ टाक्लोबान शहरावर आलं. अंदाज बरोबर होता, इशाराही दिला गेला होता. पण किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्यासाठी ‘स्टॉर्म सर्ज’ हा इंग्रजी शब्दच वापरला गेला. तो पुष्कळांना कळलाच नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेले लोक नंतर सांगत होते. त्या वादळात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्या कोकणात ‘उधाण’ म्हटलं की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे होड्या वर ओढतात. तसा शब्द हाताशी असणं आणि तो नेमका कधी काढायचा हे कळणं, हेही शिक्षणच आहे, आणि ते हवामानशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

म्हणून मला विचाराल तर रोजच्या पावसाला पदवी नको. चांगलं मराठी आणि तो २५-५०-७५ चा पाढा येत असला की पुष्कळ झालं. पण ज्या दिवशी पाणी चढतंय, कागदावरचं वाक्य दहा मिनिटांत शिळं होतंय आणि समोरून ‘आम्ही घर सोडायचं का?’ असा प्रश्न येतोय, त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे तो कागद लिहिणाराच माणूस हवा. पुण्यात शिवाजीनगरला जिला जुने लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, त्या वेधशाळेतला चालेल. फक्त त्याला कुणीतरी आधी धुण्याची दांडी दाखवलेली असावी.

हे सगळं ज्ञान मी मागच्या एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंवर पाजळलं. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, टीव्हीवर तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस सांगितला होता. काकू, घाबरू नका म्हटलं, तुरळक म्हणजे शंभरात फार तर पंचवीस केंद्रं. काकूंनी पश्चिमेकडे पाहिलं, पदर खोचला आणि कुरडयांचं प्लास्टिक एका टोकाने उचलत म्हणाल्या, ‘ते दुसरं टोक धर आधी. आणि ते पंचवीस कोण, ते कधी सांगतात का रे?’