सर्वो का थरथरतो?

रेडिओ-नियंत्रित विमानातला किंवा मोटारीतला सर्वो म्हणजे छोटी मोटर, दातेरी चाकं, पोटेन्शिओमीटर आणि सर्किट असलेली डबी. रिसीव्हरकडून तिला साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो. 1.5 मिलिसेकंदांचा स्पंद आला की भुजा मध्यावर थांबते. 1 आणि 2 मिलिसेकंद ही तिची दोन टोकं. भुजा प्रत्यक्षात कुठे आहे हे पोटेन्शिओमीटर सांगतो आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरते. ट्रान्समीटरची दांडी स्थिर असूनही भुजा थरथरत असेल, तर स्पंद, वीज किंवा पोटेन्शिओमीटर यांपैकी काहीतरी डळमळलेलं असतं.

नवखे हौशी लगेच सर्वो बदलतात. खरं तर आधी वीज तपासावी. सगळे सर्वो एकदम थरथरत असतील तर दोष बहुधा पुरवठ्यातच असतो. मुख्य बॅटरीचा दाब 5 व्होल्टपर्यंत उतरवणारा बीईसी लिनियर प्रकारचा असेल, तर जास्तीच्या दाबाची तो उष्णता करतो. वरणगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तिथे बंद खोक्यात असा बीईसी लवकर तापतो आणि दाब घसरतो. खात्रीसाठी रिसीव्हरला 4.8 व्होल्टची वेगळी बॅटरी द्यावी; मात्र स्पीड कंट्रोलरची लाल तार आधी सोडवावी. प्रोपेलर तर सर्वांत आधी काढावा.

एकच सर्वो थरथरत असेल तर तो दुसऱ्या चॅनेलला जोडावा. थरथर त्याच्यासोबत गेली, तर पोटेन्शिओमीटरचा पट्टा झिजलेला किंवा धुळीने माखलेला असण्याची शक्यता मोठी. काळ्या मातीची बारीक धूळ फटीतून आत शिरते. कॉन्टॅक्ट क्लीनरने कधी भागतं. पण 9 ग्रॅमचा स्वस्त सर्वो उघडत बसण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. थरथर चॅनेललाच चिकटली, तर रिसीव्हर किंवा ट्रान्समीटरकडे वळावं.

त्याच पट्ट्यातल्या दीपनगर वीज केंद्राच्या उच्चदाब तारांवर संशय घेणं सोपं, पण 2.4 गिगाहर्ट्झच्या संचात त्या क्वचितच दोषी ठरतात. जुन्या 27 किंवा 35 मेगाहर्ट्झच्या संचांना मात्र ब्रश मोटरच्या ठिणग्याही पुरतात. त्यासाठी मोटरच्या टोकांना 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात आणि सर्वोच्या लांब तारा पिळून मोटरपासून दूर नेतात.

डिजिटल सर्वो भार पेलताना गुणगुणतो. तो बिघाड नव्हे. गुणगुण फार वाढली, तर जोडदांडा कुठे अडकतो ते पाहावं. दुरुस्तीनंतर मॉडेल घट्ट बांधून मोटर चालू ठेवावी आणि सगळे सर्वो एकाच वेळी हलवून पाहावेत. उड्डाणाची चाचणी वरणगावात घ्यायची, तर तिथल्या आयुध निर्माणीमुळे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई नकाशा आधी पाहणं भाग आहे.