सणाची तूट आणि जोड-उत्पन्नाचा मार्ग

दिवाळी आटोपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबिजेच्या सुमारास प्रारंभ होणारा हा उत्सव एका गावाहून दुसऱ्या गावी सरकत जातो. गावोगावी दुकाने लागतात, रात्री दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीची नाटके रंगतात. लेकी-जावई व सोयरे मुक्कामाला येतात, आणि सोयरिकीची बोलणीही याच गर्दीत होतात. ग्रामजीवनाला उल्हास देणाऱ्या या प्रथेविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मंडईनंतर घरात उरणाऱ्या उधारीचा.

तूट कशी पडते?

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. बहुतेक कुटुंबांचे प्रमुख उत्पन्न वर्षातून एकदा, धानाच्या रूपाने येते. कपडे, पाहुणचार, मजुरांची देणी आणि दुकानदाराची थकबाकी हे सारे खर्च मात्र धान कापून पुंजण्यात रचले जात असतानाच एकत्र पुढे उभे राहतात. पीक हाताशी आले आहे, पण पैसा आलेला नाही, अशी ही अवस्था असते. तीत कुटुंबापुढे दोन सोपे दिसणारे मार्ग येतात: मिळेल त्या भावाने धान विकणे किंवा सावकाराकडे जाणे. खरे नुकसान होते ते येथेच.

सन २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. समजा, निकडीपोटी एखाद्या शेतकऱ्याने २० क्विंटल धान क्विंटलमागे ३०० रुपये कमी घेऊन विकले, तर ६,००० रुपये जागच्या जागी बुडाले. पुष्कळ घरांत सणाचा संपूर्ण खर्चही एवढाच असतो. म्हणजे मंडई एकदा साजरी झाली, पण तिची किंमत दोनदा मोजली गेली.

आधी गळती थांबवावी

जोड-उत्पन्न शोधण्यापूर्वी कर्जाचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. १०,००० रुपये दरमहा शेकडा पाच व्याजाने घेतले, तर सहा महिन्यांत ३,००० रुपये व्याज होते. बचत गटातून दरमहा शेकडा दोन दराने तीच रक्कम घेतल्यास व्याज १,२०० रुपये होते. शिवाय ते गटाच्याच, म्हणजे आपल्याच निधीत जमा होते. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वार्षिक ६ टक्के दराने देण्याची पद्धत आहे. या दराने १०,००० रुपयांवरील सहा महिन्यांचे व्याज ३०० रुपये होते. आपल्या बाजार समितीत ही योजना राबविली जाते काय, याची चौकशी ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वीच करून ठेवावी.

सावकाराशी व्यवहार अटळच असेल, तर कायद्याचे संरक्षण ठाऊक असावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज घेता येत नाही आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते.

हंगामानुसार जोड-उत्पन्न

यानंतर प्रश्न येतो तो चार पैसे अधिक मिळविण्याचा. या जिल्ह्यात त्यासाठी निसर्गाचेच एक वेळापत्रक आहे. धान कापणीपूर्वी बांधीतील ओलीवर लाखोळी किंवा जवस फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. तीत नांगरणीचा खर्च नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काही उत्पन्न पदरी पडते. मळणीनंतर उरणाऱ्या तणसावर हिवाळ्यात धिंगरी अळिंबी घेता येते. तणस कापून, भिजवून, गरम पाण्याने निर्जंतुक करून त्यात बियाणे भरले की तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी मिळू लागते. तथापि अळिंबी नाशवंत असल्याने गिऱ्हाईक आधी आणि पिशव्या नंतर, हा क्रम पाळावा.

माजी मालगुजारी तलावांवर ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. ऐन व अर्जुन वृक्षांवरील टसर कोशांचे संगोपनही ही मंडळी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत करतात, आणि मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या गावांत त्या धाग्याचे कोसा कापड विणले जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले येतात. झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याऐवजी जाळी अंथरून फुले वेचल्यास ती स्वच्छ राहतात, भाव बरा मिळतो आणि वणव्याचा धोकाही टळतो. त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा त्याचा हिशेब असतो. संकलन केंद्रावर रोज किती पुडे दिले, याची नोंद प्रत्येकाने स्वतःजवळही ठेवावी.

ज्यांच्याकडे जमीन, तलाव वा जंगल यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी रोजगार हमीचा आधार आहे. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या या योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, आणि २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत भंडाऱ्याचा समावेश झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात १२५ दिवसांची तरतूद आहे. हमी कायद्याची असली, तरी ती मागणाऱ्यालाच मिळते. म्हणून कामाची मागणी लेखी करावी आणि तिची दिनांकित पोच अवश्य घ्यावी.

पुढील मंडईची तजवीज

जोड-उत्पन्नाचा पहिला रुपया सर्वाधिक व्याजाच्या कर्जाकडे जावा. ते फिटल्यावर दुसरे घ्यावे, आणि सारी देणी संपल्यावर तोच हप्ता बचतीत वळवावा. मंडईला १२,००० रुपये लागत असतील, तर जानेवारी ते ऑक्टोबर या दहा महिन्यांत दरमहा १,२०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. ज्यांना मासिक मिळकत नाही, त्यांनी मोहफूल व तेंदूपत्त्याचे पैसे हाती येताच त्यांतील ठरावीक वाटा गटाच्या खात्यात जमा करावा.

या कामी शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना बरेच करता येण्यासारखे आहे. वरील व्याजाचे गणित सातवीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर सोडविता येते, आणि तो ते घरी जाऊन सांगतो. गावाची मंडई एकाच रात्री किती नाटकांनी साजरी करावी व त्यासाठी घरटी वर्गणी किती असावी, हे ग्रामसभेला आधी ठरविता येते. हातात साठविलेला पैसा असला की धानाला योग्य भाव येईपर्यंत थांबण्याचे बळ येते. मग पाहुण्यांचे आदरातिथ्यही मोकळ्या मनाने होते, आणि त्यासाठी धानाची रास पडत्या भावाने उचलून द्यावी लागत नाही.