दुकान-गोदाम लाइनवर लूप का होतो? प्रोटोकॉल टनेलिंग समजून घ्या

दुकान एकीकडे, गोदाम दुसरीकडे. मध्ये प्रोव्हायडरची लाइन आणि बॅकअपला छतावरची वायरलेस लिंक. ऐकायला मस्त वाटतं ना? पण दोन्ही रस्ते एकदम चालू राहिले तर लूप होतो. ब्रॉडकास्ट पॅकेट गोल गोल फिरत बसतात आणि ऐन गर्दीत बिलिंग ठप्प!

हे टाळायलाच स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री म्हणजे एसटीपी असतं. स्विच दर २ सेकंदांनी एकमेकांना बीपीडीयू नावाची छोटी पॅकेट पाठवतात. दोन रस्ते दिसले की एक रस्ता अडवून ठेवतात.

मग अडचण कुठे येते? सिस्को कॅटॅलिस्टचं उदाहरण घेऊ. प्रोव्हायडरच्या टनेल पोर्टमधून तुमचा डेटा जातो, पण बीपीडीयू तिथेच टाकून दिले जातात. त्यामुळे तुमच्या दोन्ही स्विचना वाटतं, या लाइनवर पलीकडे कोणी स्विचच नाही. दोघंही पोर्ट उघडं ठेवतात.

यावर उपाय म्हणजे लेयर २ प्रोटोकॉल टनेलिंग. बीपीडीयूचा मूळ पत्ता ०१८०.सी२००.०००० असतो. प्रोव्हायडरचा पहिला स्विच त्यावर ०१००.०सीसीडी.सीडीडी० हा पत्ता टाकतो. मधले स्विच ते साधं पॅकेट समजून पुढे सोडतात. शेवटचा स्विच मूळ पत्ता परत लावतो.

प्रोव्हायडरकडची सेटिंग अशी:

१. ग्राहकाच्या पोर्टला वेगळा व्हीलॅन द्या आणि मोड ‘डॉट१क्यू-टनेल’ ठेवा.
२. त्याच पोर्टवर ‘एल२प्रोटोकॉल-टनेल एसटीपी’ ही कमांड द्या. दोन्ही टोकांना द्यायची बरं का, एका टोकाला देऊन उपयोग नाही.
३. ‘ड्रॉप-थ्रेशोल्ड’ लावा. सेकंदाला ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त पॅकेट आली की जादाची टाकली जातात. ‘शटडाउन-थ्रेशोल्ड’ ओलांडला तर पोर्टच बंद होतं, म्हणून तो आकडा ड्रॉपपेक्षा कमी ठेवू नका.
४. जादा टॅगचे ४ बाइट वाढतात, म्हणून एमटीयू १५०० ऐवजी किमान १५०४ करा.
५. मधल्या ट्रंक पोर्टवर ही कमांड देऊ नका. टनेल केलेलं पॅकेट अशा पोर्टवर आलं की स्विच ते पोर्ट बंद करतो.

तपासायला ‘शो एल२प्रोटोकॉल-टनेल’ बघा. एन्कॅप्सुलेशन आणि डीकॅप्सुलेशन, दोन्ही आकडे वाढायला हवेत. तुमच्या स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री’मध्ये दोन रस्त्यांपैकी एक ब्लॉक दिसला की काम झालं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. प्रोव्हायडरच्या स्विचला आपण हात लावू शकत नाही. म्हणून लाइन घेतानाच विचारा, “आमचे एसटीपी पॅकेट दोन्ही टोकांना टनेल करून द्याल का?” उत्तर लेखी घ्या. ‘नाही’ म्हणाले तर बॅकअपची केबल काढून ठेवा आणि मेन लाइन गेली, की तिची केबल काढून मगच बॅकअप लावा. आणि हो, टेस्टिंग दुकान बंद झाल्यावरच करा!