साडेआठ हजारांचे दोन वाटे

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एखाद्या कारखान्यात, जुन्या फिटरच्या हाताखाली एक पोरगा काम शिकतोय असं समजा. नंदानगरच्या सरकारी आयटीआयतून नुकताच बाहेर पडलेला. महिन्याला त्याला 8500 रुपये मिळतात, पण मालकाच्या खिशातून जातात फक्त 2125. उरलेले 6375 राज्य सरकार देतं, तेही मालकाच्या हाती न लागता थेट पोराच्या खात्यात.

ही मध्य प्रदेशची ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’. मे 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. वय 18 ते 29 आणि राज्याचा रहिवास, या मुख्य अटी. बारावी झालेल्याला 8000, आयटीआयवाल्याला 8500, डिप्लोमा असेल तर 9000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. त्यातला 75 टक्के वाटा सरकारचा, 25 टक्के आस्थापनेचा. मालकाला वाटलं तर तो वर कितीही देऊ शकतो.

व्यवहार सगळा पोर्टलवर. मालक पॅन आणि जीएसटीच्या आधारे नोंदणी करून जागा टाकतो, पोरगा राज्याचा समग्र आयडी देऊन अर्ज करतो. निवड झाली की ऑनलाइन करार होतो. त्यानंतर महत्त्वाची ती हजेरी, कारण सरकारी वाटा तिच्यावरच सुटतो. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, म्हणून ते काम आधी उरकावं.

आता दुसरी वाट. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा केंद्राचा, देशभर लागू. 2019 मध्ये त्याचे नियम बदलले, तेव्हापासून ज्या आस्थापनेत 30 किंवा जास्त माणसं आहेत तिला त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 4 ते 29 माणसं असतील तर मर्जीचा मामला. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या 200 कामगारांच्या कारखान्याला म्हणजे किमान 5 पोरं घेणं भाग आहे, आणि 30 च्या वर घेता येत नाहीत. त्याच नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन 7000 रुपये धरलं होतं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र त्यातला चौथा हिस्सा उचलतं, पण 1500 च्या वर नाही. म्हणजे त्या दराने मालकावर 5500 पडतात.

2125 कुठे आणि 5500 कुठे! कायदा मालकाच्या गळ्यात जबाबदारी घालतो, योजना त्याच्यापुढे सवलतीचं ताट ठेवते. पाहुणा ताटाकडेच वळणार. गोम अशी की कायदा बदलायला संसद लागते, योजनेला मात्र दरवर्षी अर्थसंकल्पात नव्याने तरतूद लागते. सीखो-कमाओ आली त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, हेही इंदूरकर विसरलेले नाहीत. महाराष्ट्राने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, 6000 ते 10,000 रुपये, सगळे सरकारचेच. तिथेही नोव्हेंबरात निवडणूक होती.

नोकरीची हमी दोन्हीकडे नाही. कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, आणि करारात तसं लिहिलं नसेल तर शिक्षण संपल्यावर त्याला ठेवून घ्यायला मालक बांधील नाही.

फरक पडतो तो हातात येणाऱ्या कागदाने. सीखो-कमाओचं प्रमाणपत्र राज्याचं. कायद्याखालची उमेदवारी पुरी केली, परीक्षा पास झाली, तर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्याच कारखान्यात अशी उमेदवारी केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. सांवेर रोडवरच्या त्या पोरासारख्या कुणीही करार करण्याआधी, आपल्याला यातलं कुठलं प्रमाणपत्र मिळणार, हे विचारून घ्यावं.