व्यालेली गाय आंबोण का सोडते?



गाय व्याली, दूध चांगलं लागलं आणि १५-२० दिवसांतच तिनं आंबोणाला तोंड लावणं सोडलं. कडबा तेवढा चघळते. दूध उतरतं, अंग झडतं, शेण घट्ट पडतं. घरात दृष्ट काढली जाते. पण पुष्कळदा दुखणं असतं यकृतात, म्हणजे आपण जिला कलेजी म्हणतो तिच्यात. या रोगाला किटोसिस म्हणतात. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईंत तो अधिक दिसतो.

व्यायल्यावर दुधासाठी साखर फार लागते. भूक मात्र सावकाश वाढते. मग अंगावरची चरबी वितळून रक्तावाटे यकृतात येते. तिथल्या पेशींना ती पुरती जाळायला साखरेची जोड लागते. ती नसली की चरबी अर्धवट जळते, अ‍ॅसिटोनसारखे पदार्थ रक्तात वाढतात आणि उरलेली चरबी पेशींत साठते. चुलीत ओलं सरपण धुमसावं, तसा हा प्रकार.

ही साखर येते चाऱ्या-दाण्यातून. मका, ज्वारी यांच्या भरड्यातला पिठूळ भाग कोटीपोटात आंबतो, त्यातून प्रोपिओनिक आम्ल तयार होतं आणि यकृत त्याची साखर बनवतं. सोयाबीनमधलं कोलीन यकृतातली चरबी बाहेर काढायला मदत करतं; पण ते बहुतेक कोटीपोटातच मोडतं. म्हणून नुसतं सोयाबीन वाढवून भागत नाही. तेल-तूप पाजल्यानंही साखरेची उणीव भरत नाही. उलट ठसका लागून ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

तेव्हा एवढं करा :

१) भाकड काळात गाय लठ्ठ होऊ देऊ नका.

२) विण्याच्या ३ आठवडे आधीपासून आंबोण थोडं थोडं सुरू करा. व्यायल्यावरही रोज बेताबेतानं वाढवा.

३) दाणा किंवा गूळ एकदम भरपूर घालू नका. पोटात आम्ल वाढून दुसरंच संकट ओढवतं.

४) चांगली वैरण आणि स्वच्छ पाणी सतत पुढं असू द्या.

५) गाईनं आंबोण सोडलं, तोंडाला गोडसर वास आला, की लगेच पशुवैद्यांना बोलवा. लघवीच्या तपासणीनं रोग कळतो. शिरेतून ग्लुकोज व इतर औषधं देऊन वेळीच उपचार झाले, तर गाय सहसा सुधारते.

दृष्ट काढायची तर काढा; पण डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका.