हातभर रुंदीच्या भट्ट्या

जर्मनीतल्या एसेन शहरातल्या झोल्फेराइन कोळसा खाणीला गेलेला पर्यटक बाराव्या शाफ्टच्या लोखंडी मनोऱ्याचा फोटो काढतो आणि समाधानाने परततो. मनोरा आहेच देखणा. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर यांनी आखलेला हा शाफ्ट १९३२मध्ये सुरू झाला आणि दिवसाला १२,००० टन कोळसा वर काढू लागला. पण माझ्या मते इथला खरा ऐवज आहे तो पलीकडचा कोकचा कारखाना.

तो १९५७ ते १९६१ या काळात उभा राहिला. पुढे वाढत वाढत ३०४ भट्ट्यांपर्यंत गेला. प्रत्येक भट्टी माणसाच्या तिपटीहून उंच, पण रुंदीला जेमतेम हातभर. कारण आच दोन्ही भिंतींतून येते आणि ती मधल्या कोळशापर्यंत पोचायला हवी. भिंती हजार अंशांच्या वर तापलेल्या, आत हवा नाही. त्यामुळे कोळसा जळत नाही, शिजतो. त्यातून निघालेल्या वायूपासून डांबर, अमोनिया, बेंझॉल वेगळं काढायचं. कोक तयार झाला की दोन्हीकडची दारं उघडायची, एका बाजूने यंत्राचा दांडा आत घुसायचा आणि लालभडक ढीग दुसऱ्या बाजूच्या वाघिणीत कोसळायचा. लगेच त्यावर पाण्याचा मारा. भट्ट्यांच्या माथ्यावर काम करणारे लाकडी तळाची पादत्राणं घालत. साध्या बुटांचा तिथे निभाव लागला नसता.

खाण १९८६मध्ये बंद पडली, कारखाना १९९३पर्यंत चालला. पोलादाला उतरती कळा लागल्यावर ते बनवायला लागणाऱ्या कोकला कोण विचारणार? चीनला विकायची बोलणी फिसकटली, म्हणून तो जागेवर राहिला. डॉर्टमुंडचा कायझरस्टूल कारखाना मात्र खरंच सुटा करून चीनला गेला. २००१मध्ये झोल्फेराइनला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. आता हिवाळ्यात भट्ट्यांना लागून बर्फावर स्केटिंग चालतं. चालू दे. पण धग आणि वास वजा केल्यावर उरलेला हा वारसा जरा जास्तच धुतलेला वाटतो.

हिशेब तर अजून मिटलेलाच नाही. खालचा कोळसा काढल्यामुळे इथल्या रूर खोऱ्यातली जमीन काही ठिकाणी वीसेक मीटर खचली आहे. पाणी उपसणारे पंप थांबले तर वस्त्या पाण्याखाली जातील. २०१८मध्ये बोट्रॉपची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, पण उपसा सुरूच आहे. त्याचा न संपणारा खर्च भागवायला २००७मध्येच एक वेगळं प्रतिष्ठान स्थापावं लागलं.