यंत्राचा आवाज कमी करा, पण यंत्राला कोंडू नका!

गेल्या हिवाळ्यात एका रात्री निगडीहून फोन आला. "डॉक्टर, मशीन चालू आहे तरी आबांना धाप लागलीय. लवकर या."

आबा कारखान्यातून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षांच्या विडीने फुप्फुसे निकामी होत आलेली, म्हणून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. मी पोहोचलो तेव्हा रक्तातील ऑक्सिजन 82 टक्के होता. यंत्र कुठे दिसेना! नातवाची दहावी, आवाजाने अभ्यास होत नाही, म्हणून सूनबाईंनी ते कपाटामागच्या बेचक्यात सरकवून वर गोधडी टाकली होती. हात लावला तर चांगलेच तापलेले. राखीव सिलिंडर लावला, यंत्र बंद करून मोकळ्यावर ठेवले. अर्ध्या तासात आबा सावरले.

2021 च्या करोना लाटेत हे यंत्र आपल्याकडे घराघरांत माहीत झाले. ते चालते कसे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आणि नायट्रोजन 78 टक्के असतो. यंत्रातला कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून नेतो. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि रुग्णाला 90 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो. या कामात उष्णता निर्माण होते, ती पंखा बाहेर टाकतो. पंख्याची वाट अडली की खडे तापतात आणि तापलेले खडे नायट्रोजन कमी धरतात. मग नळीतून वारा येतो, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. बहुतेक यंत्रांवर धोक्याचा दिवा असतो. गोधडीखाली तो दिसणार कसा?

आवाजाचा त्रास खोटा नाही. झोपमोड झाली की रुग्णाचा रक्तदाब आणि चिडचीड दोन्ही वाढतात. अशा यंत्राचा आवाज साधारण 40 ते 50 डेसिबल असतो. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे. तेव्हा पुढील उपाय करावेत.

1) यंत्र भिंतीपासून निदान एक फूट दूर, हवेशीर जागी ठेवावे. कोपऱ्यात आवाज घुमतो.

2) खाली जाड रबरी चटई घालावी. चाकणला प्रेसखाली रबर का घालतात, हे आपल्या कामगार बंधूंना सांगायला नको. खालच्या जाळ्या मात्र झाकू नयेत.

3) पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत लांब नळी घेऊन यंत्र शेजारच्या खोलीत ठेवता येते. नळी दुमडू देऊ नये.

4) बाहेरची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. आपल्या औद्योगिक भागात धूळ जास्त, म्हणून आळस नको.

5) आवाज अचानक वाढला किंवा खरखर आली तर कंपनीचा माणूस बोलवावा. पंखा स्वतः बदलू नये. मोठा पंखा सावकाश फिरला तर आवाज कमी होतो हे खरे, पण तो हिशेब यंत्र बनवणाऱ्याने करायचा.

ऑक्सिजनजवळ विडी, निरांजन, उदबत्ती नको. धाप लागली तरी काटा स्वतः वाढवू नये. अशा रुग्णांना 88 ते 92 टक्के पुरतात आणि जादा ऑक्सिजन घातक ठरू शकतो.

आबांचे यंत्र आता रबरी चटईवर बाहेरच्या खोलीत आहे आणि नातू आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करतो. गोधडी आबांच्या अंगावर आहे, तिची जागा तीच!